क्लबहाउसच्या पाइपमधला खडा

मार्चमध्ये आमच्या क्लबहाउसमधलं जेंट्सचं युरिनल तुंबलं. नेहमीचा प्लंबर आला. अॅसिड ओतून झालं, स्प्रिंग घालून झाली, शेवटी त्याने पाइपच कापून काढला आणि सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. "मॅडम, हे बघा काय झालंय." दोन इंची पाइप, पण आत करंगळी जाईल एवढंच भोक उरलेलं. बाकी सगळा पांढरट-पिवळा थर. छिन्नीने ठोकलं की दगडासारखे तुकडे उडत होते आणि नखाने खरवडलं की पिठासारखं सुटत होतं. कमिटीतले बाकीचे नाकाला रुमाल लावून बिलाचं बोलत होते. मी सुपारीएवढा एक तुकडा कागदात बांधून घरी आणला. या खड्याबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते.

तो खताचा खडा होता.

लघवीतला युरिया पाइपमधले जिवाणू फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो, लघवीचा आम्लपणा जातो. तसं झालं की तिच्यातलं मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरतात आणि खडा जमायला लागतो. त्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. पाइपमध्ये त्याच्या जोडीला कॅल्शियमचे क्षारही बसतात. काही माणसांच्या मुतखड्यात सापडतो तोही हाच. परदेशातल्या काही मैलापाणी केंद्रांमध्ये आधी या खड्याने पाइप बुजायचे म्हणून लोक वैतागत. आता तिथे वेगळी टाकी बांधून, वरून मॅग्नेशियम घालून तो मुद्दाम जमवतात आणि दाणेदार खत म्हणून विकतात. हळूहळू विरघळतो, त्यामुळे मुळं जळत नाहीत. आमच्याकडे तो आपणहून जमला होता आणि तो काढायला आम्ही प्लंबरला पैसे दिले.

मी ठाण्यात घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या पुढे एका सोसायटीत राहते. चार टॉवर, ४१२ फ्लॅट, साधारण पंधराशे माणसं. तीन वर्षं खजिनदार आहे. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे नोंदी शेजारीशेजारी ठेवून वाचायची सवय. पहिल्याच वर्षी एका पानावर दोन नोंदी सापडल्या. वर बागेसाठी युरिया, १९:१९:१९ हे मिश्रखत आणि शेणखत. खाली एसटीपीचा, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचा, गाळ उपसून नेणाऱ्या टँकरचं बिल. म्हणजे खत विकत घ्यायलाही आम्हीच पैसे मोजत होतो आणि खत टाकून द्यायलाही आम्हीच. त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

हिशेब साधा आहे. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आमच्या सोसायटीचं रोज एक लाख साठ हजार लिटर होतं. या एवढ्या पाण्यात लघवी असते जेमतेम एक टक्का. पण घरगुती मैलापाण्यातल्या नत्रापैकी (नायट्रोजन) सुमारे ८० टक्के नत्र आणि जवळजवळ निम्मं स्फुरद (फॉस्फरस) त्या एक टक्क्यात असतं. एका माणसाच्या वर्षभराच्या लघवीतून दोन ते चार किलो नत्र मिळू शकतं, तो काय आणि किती खातो त्यावर अवलंबून.

हे नत्र आणि स्फुरद आपल्या अंगात कुठून येतं? शेतातून. जुन्नरची भाजी, विदर्भातली तूर वाशीच्या मार्केटात येते, तिथून आमच्या खाली भाजीवाल्याकडे आणि किराणावाल्याकडे. वाढत्या वयाच्या मुलांचं सोडलं तर माणूस हे साठवून ठेवत नाही, जेवढं खाल्लं जवळजवळ तेवढं बाहेर टाकतो. शेतकऱ्याला मात्र पुढच्या हंगामाला ते पुन्हा जमिनीत घालावं लागतं. नत्र हवेतून काढता येतं, त्याला भरपूर ऊर्जा लागते. स्फुरद खडकातूनच खणावं लागतं आणि जगातल्या माहीत असलेल्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोकडे आहेत. आपला देश गरजेचा बहुतेक भाग बाहेरून आणतो. पेरणीच्या तोंडावर डीएपी या स्फुरदाच्या खताच्या गोणीसाठी माणसं कृषी केंद्राबाहेर रांगा लावतात. तेच स्फुरद माझ्या ताटातून, माझ्या संडासातून ठाण्याच्या खाडीत जातं. तिथे ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. उलट शेवाळ माजतं आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. याच खाडीला फ्लेमिंगोंमुळे २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. मग तिच्यात काय सोडतो याचीही चाड असायला हवी, असं मला वाटतं.

माझ्या सासूबाई कणकवलीकडच्या. आता ब्याऐंशीच्या आहेत. तो खडा मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांना जरासुद्धा किळस आली नाही. हातात घेऊन म्हणाल्या, "हे माडाला घाल गं." मग बराच वेळ बोलत राहिल्या. त्यांच्या माहेरी मोरीचं पाणी पन्हळीने परसात जायचं. पन्हळीच्या तोंडाशी अळू, त्याच्या पुढे कर्दळ आणि शेवटी केळी. अळूला कधी वेगळं पाणी घातल्याचं त्यांना आठवत नाही. राखेने घासलेल्या भांड्यांचं पाणी, तांदळाचं धुवण, अंघोळीचं पाणी, सगळं तिथेच. फतफत्याला लागणारी पानं कायम दारात. लहान मुलांना लघवीला माडाच्या बुंध्याशीच बसवायचे. "कोणी शिकवलं नव्हतं," म्हणाल्या, "तेच करायचे सगळे."

आणि एक शब्द त्यांनी असा सहज उच्चारला की मी थांबले. सोनखत. माणसाच्या मैल्याच्या खताला मराठीत सोनखत म्हणतात. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराने सोनं मिळेल या आशेने पिंपंच्या पिंपं लघवी आटवली आणि त्याला फॉस्फरस सापडला, हे मी वाचलेलं होतं. आपल्याकडे सोनं कशात आहे ते शब्दातच सांगून ठेवलेलं आहे.

सासूबाईंनी लहानपणी अप्पा पटवर्धनांना पाहिलंय. कोकणचे गांधी म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. तिथल्या संडासाची पद्धत गोपुरी संडास म्हणूनच ओळखली जाते. मैला मातीपाचोळ्याखाली कुजवायचा, त्याचं खत करायचं आणि ते शेतात घालायचं. अप्पांचा हेतू खतापुरता नव्हता. डोक्यावरून मैला वाहण्याचं काम एका जातीच्या माथी मारलेलं होतं, ते संपावं म्हणून ते स्वतः त्या कामात उतरले. ही बाजू विसरून "पूर्वीचे लोक किती शहाणे होते" असं मी म्हणणार नाही. सोनखत हा शब्द सुंदर आहे, पण ते वाहून नेणाऱ्याला कधी मान मिळाला नाही. आज आमच्या एसटीपीत उतरणारा मुलगा हातमोजे आणि बूट घालून उतरतो की नाही, हे बघणं म्हणून मला खताइतकंच महत्त्वाचं वाटतं.

त्या एसटीपीचं सांगायला हवं. आमच्यासारख्या मोठ्या सोसायट्यांना तो सक्तीचा आहे. बिल्डर बांधून देतो आणि जातो. बेसमेंटमध्ये असतो, दार बंद, कुणी बघत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात फ्लशला काळपट, कुजक्या अंड्याच्या वासाचं पाणी यायला लागलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रंदिवस तोच विषय. बहुतेकांची मागणी एकच, ही पुनर्वापराची लाइन बंद करा आणि फ्लशला साधं पाणी द्या. साधं पाणी म्हणजे पिण्याचं, ज्याचे आम्ही मे महिन्यात टँकर मागवतो. मी म्हटलं, आधी खाली जाऊन बघू.

ऑपरेटरने मला एक काचेचं लांब नळकांडं दाखवलं. एक लिटरचं मेजरिंग सिलिंडर. हवा सोडलेल्या टाकीतलं पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. पाणी निरोगी असेल तर रंग तपकिरी असतो, काही मिनिटांत त्याचे कापसासारखे पुंजके होतात, ते सावकाश खाली बसतात आणि अर्ध्या तासाने २५०-३०० च्या रेषेपाशी गाळ, वर स्वच्छ पाणी. वास ओल्या मातीचा. त्या दिवशी अर्ध्या तासानंतरही आमचं सगळं सिलिंडर वरपासून खालपर्यंत काळं होतं.

कारण त्याने खाली मान घालून सांगितलं. तेव्हाच्या कंत्राटदाराने रात्रपाळीचा माणूस काढून टाकला होता, म्हणून रात्री अकराला टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद व्हायचे ते सकाळी सहाला सुरू. सात तास हवा नाही. टाकीतले जिवाणू आपल्यासारखेच श्वास घेतात. हवा बंद झाली की ते मरतात आणि त्यांच्या जागी हवेशिवाय जगणारे माजतात. कुजका वास त्यांचा. पंधराशे माणसांचं पाणी ज्या जिवांवर अवलंबून होतं त्यांचा रोज रात्री गळा आवळला जात होता आणि आम्ही महिन्याच्या महिन्याला बिल पास करत होतो. ती सही माझी होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कंत्राट बदललं, रात्रपाळी सुरू केली. शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या चांगल्या चालणाऱ्या प्लँटमधून तपकिरी गाळ आणून आमच्या टाकीत ओतला. ऑपरेटर त्याला कल्चर म्हणतो, मी विरजण म्हणते, कारण काम तेच. तीन आठवड्यांनी सिलिंडरमध्ये पहिल्यांदा स्वच्छ थर दिसला. तेव्हापासून रोज सकाळी सिलिंडरचा फोटो ग्रुपवर येतो. आता लोक तो बघतात, विचारतात. दिवाळीत तळणीचं तेल सिंकमध्ये ओतल्यावर तिसऱ्या दिवशी फोटोत काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. यंदा लॉबीत तेलासाठी डबा ठेवला होता. सिंकमध्ये तेल, संडासात अॅसिड ओतू नका, हे मी नुसती नोटीस लावून दहा वेळा सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

पाणी सुधारल्यावर मी बागेच्या बिलाकडे वळले. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला, त्यात प्रक्रिया केलेल्या पाण्यात एकूण नत्र लिटरला १८ मिलिग्रॅम. बागेला रोज वीस हजार लिटर जातं. म्हणजे रोज ३६० ग्रॅम नत्र. पावसाळा सोडून २४० दिवस धरले तर सुमारे ८६ किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या चार गोण्या युरिया आम्ही नुसत्या पाण्यातून बागेला घालत होतो आणि वर तीन गोण्या विकत आणत होतो. माळीकाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आकड्यांकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "ताई, मला दिसतंय ना, लॉन वाढतोय किती, आठवड्याला दोनदा कापतोय." युरिया बंद केला. सव्वा वर्ष झालं. लॉन हिरवाच आहे आणि आता आठवड्यातून एकदाच कापावा लागतो.

गाळाला जास्त वेळ लागला. फिल्टर प्रेस होता, पण त्याची कापडं फाटलेली, म्हणून तो कोपऱ्यात पडून होता आणि पातळ गाळ टँकरने जायचा. नवी कापडं घातल्यावर आता गाळ पिळून त्याच्या वड्या निघतात. सगळे त्याला केक म्हणतात. तो तसाच झाडांना घालायचा नाही, हे ठामपणे सांगते, कारण त्यात जंतांची अंडी आणि रोगजंतू असतात. आम्ही तो बागेतल्या वाळक्या पाल्यात थरांनी घालतो. ढीग आतून चांगला तापतो. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून ५५ अंशांच्या वर गेला की नाही बघतो, उलथापालथ करतो आणि तीन महिने हात लावत नाही. नंतर ते खत बहावा, कांचन, सोनचाफा अशा झाडांनाच. भाजीच्या वाफ्यांना अजिबात नाही. मुलांच्या खेळायच्या जागेतही नाही.

गॅसचाही विचार झाला. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून वापरला होता, हे कळल्यावर मी फारच उत्साहात होते. पण आमच्या एवढ्याशा गाळात तो परवडत नाही, नुसत्या मैलापाण्यावर तो मोठ्या केंद्रांनाच जमतो. सोडून दिला.

घरी मी बाल्कनीत एक प्रयोग करते. कुंडीत लिंबू आहे आणि कढीपत्ता आहे. एक भाग लघवी, दहा भाग पाणी, आठवड्यातून एकदा, मातीत मुळाजवळ, पानांवर नाही, आणि घालून झालं की वर साध्या पाण्याचा तांब्या. घरात कुणाला ताप असेल, औषधं चालू असतील तर नाही. महिनाभर आधी थांबवायचं, मगच पानं तोडायची. वास येत नाही, कारण ताजी असताना लघवीला तो नसतो. साठवून, उघडी ठेवून अमोनिया सुटला की येतो. कढीपत्ता यंदा माझ्या खांद्याला लागला. फोडणीला पानं शेजारी देते तेव्हा त्याला काय घातलं तेही सांगते. दोघींनी घेणं थांबवलं, तिघी येतात.

वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या बाबतीत मात्र मी सावध आहे. डिटर्जंटमधलं सोडियम कुंडीतली माती आवळून टाकतं, पाणी वरच साठून राहतं. सासूबाईंच्या पन्हळीत राखेचं पाणी होतं, पावडरचं नव्हतं. अळूच्या आठवणीने कुणी मशीनचा पाइप थेट कुंडीत सोडणार असेल तर नका सोडू.

माझी बहीण कोपरखैरण्याला राहते. नवी मुंबईने हे महापालिकेच्या पातळीवर केलंय. कोपरखैरणे आणि ऐरोलीला मैलापाणी केंद्रांच्या पुढे आणखी एक प्रक्रिया बसवली, प्रत्येकी रोज दोन कोटी लिटरची, आणि ते पाणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना द्यायला सुरुवात केली. कारखान्याने कूलिंगला ते पाणी वापरलं की तेवढं धरणाचं पाणी माणसांना उरतं. ज्या शहराकडे मोरबेसारखं स्वतःच्या मालकीचं धरण आहे ते शहर सांडपाण्याकडे असं बघतं. ठाण्याकडे स्वतःचं धरण नाही. आपण हे दुप्पट जोराने करायला हवं.

आमचा हिशेब अजून अपुरा आहे. एक लाख साठ हजारांतलं साधारण साडेसदुसष्ट हजार लिटर फ्लशला जातं, वीस हजार बागेला, दहा-बारा हजार पार्किंग आणि गाड्या धुवायला. उरलेलं साठ हजार लिटर स्वच्छ केलेलं पाणी रोज गटारात जात होतं आणि मे महिन्यात त्याच गटारावरच्या फाटकातून आमचे टँकर आत यायचे. क्लबहाउसच्या युरिनलची लाइन वेगळी काढून टाकीत घ्यायचा प्रस्ताव मी जूनच्या सभेत मांडला. मंजूर झाला नाही. पुन्हा मांडणार आहे, या वेळी पाइपचा तो तुकडा टेबलावर ठेवून.

दुसरी गोष्ट मात्र झाली. रस्त्यापलीकडे नवीन टॉवरचं काम चालू आहे. त्यांना स्लॅबवर मारायला पाणी लागतं. दोन महिने पत्रव्यवहार करून, रिपोर्ट दाखवून आम्ही कंपाउंडच्या भिंतीतून तीन इंची पाइप आणि व्हॉल्व्ह काढला. मंगळवारी पहिला टँकर भरायला आला. ड्रायव्हरने नळी लावायच्या आधी व्हॉल्व्ह थोडा उघडला, ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे बोअरचं ना?" मी त्याला खाली नेऊन प्लँट दाखवला. वर आल्यावर त्याने हात धुवायला साबण मागितला, तो मी दिला. नंतर त्याने टँकर काठोकाठ भरला आणि गुरुवारी किती वाजता येऊ, ते विचारून गेला.